उठा, स्पीडब्रेकर आला!

आमच्या ह्यांना माझ्या गाडीवर मागे बसायला आवडत नाही. माझं चालवणं वाईट आहे असं त्यांना म्हणता येत नाही, कारण मी आजवर कुणालाही धडकलेले नाही आणि ते स्वतः रिक्षाला धडकलेले आहेत. त्यांची तक्रार वेगळीच असते. "स्पीडब्रेकर आला की तू उठतेस. मी मागे बसलेलाच राहतो, आणि दोघांचा दणका माझ्या एकट्याच्या मणक्यात जातो."

बरोबर आहे त्यांचं. स्पीडब्रेकर दिसला की माझे पाय आपोआप फूटबोर्डवर रोवले जातात, मी सीटवरून चार बोटं वर उठते, गाडी पलीकडे उतरते आणि मग मी खाली बसते. ही सवय मला मंदाताई रामटेके यांनी लावली. मलाच नाही, पुण्यातल्या कितीतरी बायकांना लावली.

नारायण पेठेत राहणाऱ्याला गाडीची गरज नसते, असं आमच्या घरातलं जुनं मत होतं. वाणी, डॉक्टर, देऊळ, भांडायला शेजारी, सगळं पायी अंतरावर. पण आमचं ऑफिस खराडीला हललं आणि दोन बस बदलून जाता-येता माझा जीव मेटाकुटीला आला. पंचेचाळिशी उलटल्यावर मी स्कूटर शिकायचं ठरवलं. पहिले काही रविवार ह्यांनी शिकवलं. शेवटच्या रविवारी आम्ही दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आलो. गाडी ह्यांच्याकडे होती.

तेव्हा ऑफिसातल्या वीणाने मंदाताईंचा नंबर काढला. वीणा तिशीतली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, बोलण्यात निम्मं इंग्रजी. तिलाही गाडी शिकायची होती. "खडकीला एक बाई आहेत, फक्त लेडीजना शिकवतात. रिव्ह्यूज टॉप आहेत, काकू," ती म्हणाली. मी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "जय भीम, बोला!" आणि मी काही बोलायच्या आत, "रविवारी सकाळी या. साडी नेसून नका येऊ. नवऱ्याला संगं नका आणू."

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समागे एक मोकळं मैदान आहे. तिथे एक उंच, सावळी बाई एका जुन्या लाल स्कूटरशेजारी उभी होती. पंजाबी ड्रेस, त्यावर नवऱ्याचा खाकी स्वेटर. एप्रिल महिना होता, सकाळीसुद्धा घाम फुटत होता, तरी तो स्वेटर अंगावर होताच. माझं नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "आपटे? आडनावावर जाऊ नका बाप्पा, म्हणजे झालं."

मूळच्या त्या नागपूरच्या. रामटेके साहेब कारखान्यात नोकरीला, म्हणून पुण्यात. इतकी वर्षं इथे राहूनही त्यांनी पुण्याची भाषा घेतली नव्हती, फक्त खवचटपणा तेवढा उचलला होता. आमच्या पेठेत टोमणा मारतात तो थंड असतो. मंदाताईंचा टोमणा गरम असायचा. मी पहिल्यांदा हँडल धरलं तेव्हा त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "आपटेबाई, हँडल आहे ते, चोराचं मनगट नाही. इतकं आवळून कायले धरून राहिल्या? सोडा. सैल सोडा. गाडीले कळते तिला कुठं जायचं ते." मी ब्रेक दाबून धरला की म्हणायच्या, "गाडी नाही घाबरून राहिली, तुम्ही घाबरून राहिल्या." आणि मी पडलेच एकदा, तेव्हा हात द्यायच्या आधी वरून बघत म्हणाल्या, "पडल्या तर पडल्या. जमीन काय, जवळच असते."

त्यांच्या दोन गोष्टी मला खटकायच्या. एक म्हणजे त्या कधी बसत नसत. मैदानाच्या कडेला चांगला सिमेंटचा बाक होता. आम्ही बायका त्यावर आळीपाळीने टेकायचो, मंदाताई मात्र एक पाय विटेवर ठेवून उभ्या. मधूनच पाय बदलायच्या. कुणी जागा दिली तर म्हणायच्या, "मी बसली की तुम्ही पण बसता. मग शिकते कोण?" मला वाटलं, शिस्तीची बाई आहे.

दुसरी गोष्ट थर्मासची. स्कूटरच्या डिकीत एक मोठा स्टीलचा थर्मास असायचा. तासाभराने त्या तो घेऊन भिंतीआड जायच्या, आणि जरा वेळाने तोंडावर समाधान घेऊन परत यायच्या. आम्हाला घोटभर चहा विचारायची बात नाही! आता पुणेकरांच्या चहा न विचारण्याबद्दल जगभर बोललं जातं, ते मी आयुष्यभर ऐकून घेतलं आहे. त्यामुळे नागपूरची बाई भिंतीआड जाऊन एकटीने चहा पिते म्हटल्यावर मला आतून फार बरं वाटलं. घरी येऊन मी हे ह्यांना अगदी रंगवून सांगितलं होतं.

मैदानावर हात बसला की त्या आम्हाला रस्त्यावर काढायच्या आणि स्वतः मागे बसायच्या. बसायच्या म्हणजे टेकायच्या. एका हाताने आमचा खांदा धरलेला, आणि पुढे स्पीडब्रेकर दिसला की कानात आरोळी, "उठा!" आपण पाय रोवून उठायचं, मागे त्याही उठायच्या, गाडी हळूच पार व्हायची. "बसा." खडकी बाजारातून जाताना लोक वळून बघायचे. दोन बायका एका गाडीवर एकदम उठताहेत आणि एकदम बसताहेत. पहिल्या दिवशी वीणा परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा वेगळाच दिसला, पण ती काही बोलली नाही. मला तर ब्रेक, इंडिकेटर आणि उठणं ही वाहन चालवण्याचीच तीन अंगं वाटत होती.

त्या समजुतीने आम्ही लायसन्सच्या परीक्षेला गेलो. मंदाताईंच्या आम्ही चौघी होतो. मी आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता फिरले, वळले, आणि शेवटच्या उंचवट्यावर रीतसर उठले आणि बसले. इन्स्पेक्टर साहेबांनी हात वर करून थांबवलं.

"बाई, उठलात का?"

"स्पीडब्रेकर आला."

"मग?"

"मग उठायचं असतं ना?" मी विचारलं. त्यांनाच नियम माहीत नाहीत की काय, अशी मला शंका आली.

तेवढ्यात माझ्यामागून वीणा आली आणि त्याच जागी उठली. तिच्यामागची उठली. तिच्याही मागची उठली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही खडकीच्या मॅडमकडून आलात का? त्यांच्याकडच्या सगळ्या इथे उठतात. मला वाटायचं त्यांच्या गाडीची सीट फाटलीय." आम्ही पास झालो, पण "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय तेवढं विचारून सांगा" असा निरोप त्यांनी दिला.

आम्ही पेढे घेऊन थेट मैदानावर गेलो. मी सगळा प्रसंग हावभावांसकट सांगितला. मंदाताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांनी ओटीपोटावर हात दाबून धरला आणि स्कूटरला टेकून वाकल्या. हसणं थांबलं तरी हात निघाला नाही. डोळ्यांत पाणी होतं, ते मला आधी हसण्याचंच वाटलं.

"पुस्तकात नाही वो तो नियम," त्या म्हणाल्या. "तो माझा आहे."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. गर्भपिशवी काढल्याला बरीच वर्षं झाली होती. "डॉक्टर म्हणे ऑपरेशन एकदम छान झालं. टाके छान. सोनोग्राफी छान. सगळं छान, फक्त मीच वाईट. ओटीपोटात, खाली, कमरेत, आतून कोणी शिवण ओढून राहिलं असं वाटते. बसली की जास्त. दणका बसला की डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टरकडं गेली, तर म्हणे वयाचं आहे. दुसऱ्याकडं गेली, तर म्हणे मनाचं आहे. जाऊबाई म्हणे, जगातल्या साऱ्या बायकांच्या पिशव्या काढतात, तुलेच कायचं कौतुक?"

"मग मागे बसायच्या कशाला?" मी विचारलं.

"शिकवणार कशी नाही तर? तुम्ही धाडकन स्पीडब्रेकरवर घालायच्या अन् माझा जीव जायचा. म्हणून उठायची. पण मी एकटीच उठली असती तर तुम्ही विचारलं असतं, मॅडम, कामून उठल्या? म्हणून तुम्हालाही उठवायची. दुखणाऱ्या बाईकडं कोण शिकायले येते, सांगा बरं."

तेव्हा वीणा बोलली. पेढ्याचा बॉक्स तिने छातीशी धरला होता. "ताई, माझी पण सर्जरी झालीये. एन्डोमेट्रिओसिस. पिशवीचं आतलं अस्तर भलतीकडेच वाढतं, ते काढलं. सगळे म्हणाले, आता तू फिट. पण कॅबमध्ये प्रत्येक बंपला मी वरची कडी पकडून बसते. ऑफिसमध्ये वाटतं मी ड्रामा करते." मी त्या ऑफिसात तिच्या शेजारीच बसत होते. "तुम्ही पहिल्या दिवशी 'उठा' म्हणालात ना, तेव्हा फर्स्ट टाइम बंपवर मला काहीच झालं नाही. मला वाटलं, तुम्हाला माझं कळलंय. मी मनात थँक्यू म्हटलं होतं."

मंदाताईंनी तिच्याकडे बघितलं. मग डिकी उघडली, थर्मास काढला, आणि स्वेटर वर करून कमरेला ओढणीने बांधलेली रबरी पिशवी सोडली. गार पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, थर्मासमधलं कढत पाणी भरलं आणि पिशवी वीणाच्या हातात दिली. "बांध. लाजू नको."

"म्हणजे तो चहा नव्हता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चहा?" मंदाताई म्हणाल्या. "थर्मासमधला चहा कोण पिते वो? वास येते त्याले."

त्यानंतर आमचं शिकणं संपलं, तरी जाणं संपलं नाही. रविवारी सकाळी गाडीवरून खडकीला जायचं, नव्या बायका पडताना बघायचं, आणि मंदाताईंचे टोमणे आता दुसऱ्यांना बसताहेत याचा आनंद घ्यायचा. 'उठा'चं खरं कारण त्या आता पहिल्याच दिवशी सांगून टाकत. गंमत अशी की त्यामुळे एकही बाई परत गेली नाही. उलट कुणी ना कुणी भिंतीआड त्यांना गाठून हळू आवाजात बोलायची. कुणाच्या सिझेरियनची कळ, कुणाचं मायांग, म्हणजे गर्भपिशवीच, खाली आलेलं. ज्या गोष्टी आईजवळ बोलल्या नाहीत, त्या स्कूटर शिकवणाऱ्या बाईजवळ बोलायच्या.

आणि मग एका रविवारी मैदान रिकामं मिळालं. फोन रामटेके साहेबांनी उचलला. "तिची तब्येत बरी नाही. क्लास बंद आहे," एवढंच म्हणाले. वीणा आणि मी तशाच क्वार्टरवर गेलो.

दाराशी लाल स्कूटर ताडपत्रीखाली बांधून ठेवली होती. आत खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे मोगरा, आणि खाली गादीवर मंदाताई कुशीवर झोपलेल्या. गुडघ्यांत उशी. मैदानावर आभाळाएवढी दिसणारी बाई त्या गादीवर एवढीशी दिसत होती. रामटेके साहेब मितभाषी, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. डॉक्टर म्हणाले, टू-व्हीलर कायमची सोडा. मलाही तेच वाटतं. रोज हिचं कण्हणं ऐकवत नाही मला."

त्यांना बोल लावायला जागा नव्हती. बायकोची गाडी विकायला निघालेला तो माणूस बोलता बोलता तिची गरम पाण्याची पिशवी बदलत होता.

मंदाताई भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. "दुखणं तर घरात निजून बी दुखते. मग गाडीवर दुखू द्या न." मग म्हणाल्या, "गाडी गेली की मी फक्त दुखणारी बाई राहीन वो. बाकी काही नाही राहणार."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यांना बरं व्हायचं होतंच, पण त्याहून जास्त त्यांना मंदा रामटेके राहायचं होतं.

वीणा गादीजवळ खाली बसली. ती गेले काही महिने एका फिजिओथेरपिस्टकडे जात होती. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांचाच इलाज करणारी, असं तिने सांगितलं. मंदाताईंनी हात हलवला. अजून एक डॉक्टर, अजून एकदा कपडे सोडा, अजून एकदा 'सगळं छान आहे' ऐका. नको.

"ही कापत नाही, ताई. गोळ्या पण देत नाही. ती फक्त विचारते आणि ऐकते. फर्स्ट व्हिजिटला मी तासभर बोलत होते. तुम्ही मला 'उठा' म्हणायचात ना? आता मी म्हणते. उठा."

मंदाताई वळल्या. "चांगली शिकली तू," त्या म्हणाल्या. रामटेके साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन करून थोडं थांबायला सांगितलं.

त्या पहिल्या भेटीला मी बरोबर होते. फिजिओथेरपिस्ट एक हसऱ्या चेहऱ्याची तरुण मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि म्हणाली, "तुमचं दुखणं खरं आहे, काकू. ऑपरेशन चांगलं झालेलं असलं तरीही खरं आहे." मग तिने समजावलं की दुखू नये म्हणून शरीर आतले स्नायू आवळून धरतं, आणि मग वर्षानुवर्षं तसंच धरून ठेवतं. त्या आवळण्यानेच दुखतं, आणि दुखतं म्हणून आणखी आवळतं. "तुम्हाला ताकदीचे व्यायाम नकोत. तुम्हाला सोडायला शिकायचंय." आणि तिने मूठ घट्ट वळून दाखवली.

मंदाताईंनी त्या मुठीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "आपटेबाई, हे तर हँडल आहे!" आणि त्या दवाखान्यात मोठ्याने हसल्या. "साऱ्या पुण्याले ओरडून राहिली मी, सैल सोडा, सैल सोडा. अन् आपलंच हँडल आवळून बसली!"

पुढे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. श्वास सोडत पडून राहण्याचे ते व्यायाम त्यांना सुरुवातीला 'झोपायची शिकवणी' वाटायचे. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पुन्हा गादी. एका तज्ज्ञ डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी औषधही सुरू केलं. वाईट दिवस आला की त्या फोनवर सांगायच्या, "आज स्पीडब्रेकर आहे." म्हणजे रस्ता संपलेला नाही, हे त्या आम्हाला सांगत असाव्यात, की स्वतःला, कोण जाणे. पण हळूहळू थर्मास लहान झाला. एका रविवारी त्या मैदानावरच्या बाकावर बसल्या. आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती उभ्या राहून बघत होतो. "काय बघून राहिल्या? बाई बसलेली कधी पाहिली नाही का?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हाकललं. ताडपत्री कधी निघाली ते मी पाहिलं नाही. रामटेके साहेबांनीच काढली आणि गाडी स्वतः धुतली, असं वीणा सांगते.

साहेब निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि ते दोघं नागपूरला परत गेले. तिथे त्यांनी पुन्हा क्लास काढला आहे. मधूनमधून फोन येतो. "तिकडचे स्पीडब्रेकर कसे आहेत?" मी विचारते. "पुण्यासारखेच. सरकार एकच आहे न," त्या म्हणतात. बरे दिवस जास्त, वाईट दिवस कमी, असा हिशेब त्या सांगतात आणि मी खोदून विचारत नाही.

इकडे पुण्यात, सिग्नलवरून सुटून गर्दी पुढे जाते तेव्हा मला कधीकधी एखादी अनोळखी बाई दिसते. तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, वय कळत नाही. स्पीडब्रेकर येतो आणि ती चार बोटं उठते. कुणाला कळतही नाही. मला कळतं, आणि उगाच तिच्यामागे हॉर्न वाजवावासा वाटतो.

पण मंदाताई म्हटलं की मला त्या निघायच्या आदल्या दिवसाची सकाळ दिसते. सामान बांधून झालं होतं. लाल स्कूटर रेल्वेने पाठवायची होती, म्हणून त्या स्वतःच ती खडकी स्टेशनच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाकडे पोचवायला निघाल्या. मी माझ्या गाडीवर त्यांच्यामागे. खाकी स्वेटर नव्हता. त्या मान किंचित वळवून मागे माझ्याशी बोलत होत्या. नागपूरला घराशेजारी कसं मोठं मैदान आहे, तिथल्या बायका कशा घाबरट आहेत, पहिल्याच दिवशी त्यांना कसं सरळ करणार आहे, हे मोठ्या आवाजात चाललं होतं.

क्वार्टर्सच्या गेटापाशी स्पीडब्रेकर होता. चांगला उंच, आम्हा सगळ्यांना ज्याच्यावर शिकवलं तोच. मी पाय रोवले आणि उठले.

त्या उठल्या नाहीत. बोलण्याच्या नादात विसरल्या. गाडी वर गेली, खाली आली, आणि त्या सीटवर बसलेल्याच होत्या. मी श्वास रोखून वाट पाहिली, आता हात ओटीपोटाकडे जाईल, आता गाडी कडेला घेतील. काही झालं नाही. त्यांचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. आरशात बघून त्या ओरडल्या, "आपटेबाई, मागं कामून राहिल्या? चला न वो!"

मी अजून उभीच होते. खाली बसले, डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली.